आक्काला आणायला

आमच्या घरातली भाकरी कडू लागायची. आई निपाणीतल्या एका वखारीत तंबाखू चाळायला जायची. दिवसभर त्या धुळीत राहिलेले हात संध्याकाळी राखेने कितीही घासले तरी बोटांच्या चिरांत बसलेला कडवटपणा पिठात उतरायचाच. ती दारात येऊन पदर झाडायची तेव्हा आम्ही सगळे शिंकायचो. आप्पा त्याच भागात पोती उचलायचे. ते बोलायचे फार कमी. सकाळी आंघोळ झाली की भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर क्षणभर उभे राहायचे आणि चहा पिऊन निघायचे. घर चालवायची ती माझी थोरली बहीण सुमन, म्हणजे आक्का. तिला आप्पांनी वखारीत घातलं नव्हतं, बिड्याही वळू दिल्या नव्हत्या, त्यामुळे ती थापायला बसली तर भाकरी गोड लागायची. तव्यात मिरच्यांचा खर्डा रगडताना ती गात असे, आणि हसायची ती तोंड उघडून, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. आई म्हणायची, सासरी गेल्यावर जरा दमानं हस गं बाई.

स्थळ आलं ते बेळगावकडचं. मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यांपैकी एका फौंड्रीत ओतकामाचे साचे करणारा मोल्डर होता, मच्छे गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचा. मूळ गाव खानापूरकडचं, आईवडील वारलेले. दारू नाही, बिडी नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. वखारीतल्या बायकांपाशी नवऱ्याची पारख करायला एकच माप होतं: पितो का नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी गुत्त्यावरून परतलेल्या हातांचा मार खाऊन सकाळी कामाला यायच्या, त्यामुळे न पिणारा जावई मिळाला म्हणून आईचा त्यांना हेवा वाटला. दाजी बघायला आले तेव्हा गुडघे जुळवून, अंग चोरून बसले होते. आवाज इतका मऊ, की आप्पांना कान पुढे करावा लागला. माझ्यासाठी त्यांनी बेळगावचा कुंदा आणला होता आणि मला ते ‘बाळ’ म्हणाले. मला आजवर कोणी बाळ म्हटलं नव्हतं. मी लगेच त्यांच्या बाजूची झाले.

लग्नानंतर आक्का एकदाच आली, पंचमीला, तीही दाजींबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी गेली. हसताना ती आता तोंडावर हात धरायची. ताट वाढल्यावर घास घ्यायच्या आधी दाजींकडे बघायची. आईने काही विचारलं की उत्तर द्यायला जरा वेळ लावायची, जणू आतल्या आत कोणाला तरी आधी विचारून घेते आहे. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि त्याला वळण म्हटलं. हौसामावशी तेवढी म्हणाली, पोर लई गप झालीया. हौसामावशी म्हणजे आईच्या शेजारी चाळायला बसणारी, काळी, उंच, तरुणपणीच विधवा झालेली बाई. मजुरीसाठी वखारीतल्या बायका पहिल्यांदा एक होऊन मालकाच्या फाटकात बसल्या तेव्हा सगळ्यांत पुढे तीच होती. आई तिला म्हणाली, गप झाली म्हंजे संसाराला लागली.

आक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण दाजींचा निरोप आला की निपाणीच्या धुळीत लेकरू नको, इथं बेळगावात मोठा दवाखाना आहे. म्हणणं इतकं शहाण्यासारखं होतं की कोणाला काही बोलता येईना. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून आईने मलाच आक्काच्या मदतीला पाठवलं. आप्पांनी मला बसने मच्छ्याला नेऊन सोडलं, चहा घेतला, आणि त्याच पावली परतले.

त्या दोन खोल्या अगदी लख्ख होत्या. भांडी फळीवर उंचीप्रमाणे लावलेली, अंथरुणाला एक सुरकुती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी सायकल काढून कामाला निघाले आणि बाहेरून कडी लागल्याचा, मग कुलूप अडकवल्याचा आवाज आला. मी आक्काकडे बघितलं. ती म्हणाली, इकडं चोरांचं भ्या हाय. परसाकडं जायचं असलं तर सकाळीच जाऊन यायचं, पाणी सकाळीच भरून ठेवायचं. मी गावातली, दिवसभर हुंदडणारी पोर. दुपारपर्यंत त्या बंद खोलीत माझा जीव कासावीस झाला. आक्का मात्र त्या कुलपाला सरावली होती. संध्याकाळी उद्यमबागेचा भोंगा वाजला की तिचं अंग आखडायचं. हातातलं काम टाकून ती आधी सगळ्या खोलीवर नजर फिरवायची, वाकडी झालेली वाटी सरळ करायची, मला केस विंचरून बसायला सांगायची. थोड्या वेळाने सायकलची घंटी वाजायची, कुलूप निघायचं, आणि दाजी हसतमुखाने आत येऊन विचारायचे, बाळ, करमतंय न्हवं?

शेजारी गंगव्वा म्हणून एक कन्नड बाई राहायची. तिचा नवरा लॉरीवर असायचा, आणि ती दुपारी आमच्या खिडकीबाहेर येऊन उभी राहायची. गजांतून ती कधी उकडलेल्या शेंगा द्यायची, कधी तांब्याभर ताक. आक्का घ्यायची आणि भांडं लगेच धुऊन परत करायची, मागे राहू द्यायची नाही. एकदा आक्का आत आडवी झाली असताना मी गंगव्वाला विचारलं, की आक्काला चालताना एवढं का दुखतं, पडली होती का. गंगव्वाने तोंड गजांपाशी आणलं.

“यव्वा,” ती म्हणाली, “ती पडत न्हाय. तिला पाडत्यात.”

मला ते कळलं आणि कळलं नाही. दाजींचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. उलट कधी कधी तो आणखी खाली जायचा आणि तेव्हा आक्का भांड्यासारखी थंड पडायची, एवढंच मी पाहिलं होतं. एका संध्याकाळी आमटीत मीठ कमी पडलं. दाजींनी ताट हलकेच बाजूला सरकवलं, हात धुतले, आणि मला म्हणाले, बाळ, रेडिओ लाव बघू. मी लावला. ते म्हणाले, अजून मोठा कर. मग आक्काला ‘जरा आत ये’ म्हणून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. धारवाडहून कन्नड गाणी लागली होती. गाणं संपून दुसरं लागण्याच्या मधल्या जागेत मला आतून एक आवाज आला, ओलं गोधडं दगडावर आपटल्यासारखा. माणसाचा आवाज आला नाही. आक्का बाहेर आली ती पदर नीट करत, आणि माझं ताट पुढे ओढून म्हणाली, जेव.

दुसऱ्या दिवशी तिला हात वर करवेना, म्हणून न्हाऊ घालायला मी बसले. ती नको नको म्हणत होती, पण पोट मोठं झालेलं, वाकता येत नव्हतं. पाठीवरून लुगडं सरलं आणि माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. पुढे मी परिचारिका झाले. मुक्या माराची नीळ आधी तांबडी असते, मग काळीनिळी होते, मग हिरवट, आणि जाताना पिवळी पडते, हे शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यापुढे उभं राहून सांगितलं तेव्हा मला वर्गाबाहेर जावं लागलं, कारण ते सगळे रंग मी एका पाठीवर एकदम पाहिले होते. नोकरीच्या वर्षांत मोरीत घसरलेल्या, जिन्यावरून पडलेल्या, म्हशीने ढकललेल्या किती बायका माझ्यापुढे आल्या. चेहरा स्वच्छ, आणि कपड्याच्या आत सगळं. बरोबर आलेला माणूस मऊ बोलायला लागला की मी त्याला आधी बाहेर पाठवायची. पण हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मी फक्त विचारलं, दाजी मारत्यात व्हय? आक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली, माझंच चुकतंय. मिठाकडं माझंच ध्यान नसतंय. आईला सांगू नगं, तिला सोसायचं न्हाय.

त्याच आठवड्यात दाजींनी मला परत पाठवायचं ठरवलं. मी काय पाहिलं ते त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं असणार. बसमध्ये बसवून देताना त्यांनी माझ्या हातात कुंद्याचा पुडा दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. संकेश्वर यायच्या आत मी तो पुडा खिडकीतून टाकून दिला.

आई भाकऱ्या करत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, कुलूप, रेडिओ, पाठ. ती थापत राहिली. तव्यावरची भाकरी काळी पडून धूर यायला लागला तरी तिने उलटली नाही. आप्पा उंबऱ्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, माणूस पीत न्हाय, त्यो कशापायी मारंल? पोरगी ल्हान हाय, कायबाय बगितलं आसंल. आणि थोड्या वेळाने म्हणाले, नवराबायकूच्या मधी आपुन पडायचं नसतं. आईने तवा उतरवला आणि चुलीत पाणी ओतलं. त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही.

वखारीत आई बोलली ती फक्त हौसामावशीशी, पण दुपारच्या भाकरीपर्यंत ते सगळ्या ओळीला कळलं. आपापल्या घरी रोजचंच असलेलं असं मोठ्याने ऐकायची बायकांना सवय नव्हती. एकजण म्हणाली, जावई हाय, जपून. त्यावर हौसामावशी जे बोलली ते आई मरेपर्यंत सांगायची:

“मालकाच्या दारात बसलो तवा भ्यालो न्हाय. मग जावयाच्या दारात बसायला काय हुतंय?”

एक दिवसाची मजुरी सोडून त्या बायका बेळगावच्या बसमध्ये चढल्या. वाट दाखवायला मी होते. आप्पा आले नाहीत. मच्छ्यात पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि दाराला कुलूप होतं. खिडकीत आक्काचा चेहरा दिसला आणि लगेच मागे सरला. एकीने दगड उचलला, पण हौसामावशीने तिचा हात धरला. त्यानंच काढायचं, ती म्हणाली. मग सगळ्या जणी अंगणात दाराकडे तोंड करून बसल्या. गंगव्वाने घागरभर पाणी आणून ठेवलं आणि तीही त्यांच्यात येऊन टेकली. ओळीतल्या बाकीच्या खोल्यांची दारं उघडली, माणसं उंबऱ्यावर आली. मधूनमधून एखादीला वखारीचा खोकला यायचा, तेवढाच आवाज.

भोंगा वाजला. दाजी सायकलवरून उतरले, बायका पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग हात जोडून आईला म्हणाले, मामी, आदी कळवायचं न्हाय व्हय, या, चहा घ्या. त्यांनी कुलूप काढलं. हौसामावशीने बसूनच विचारलं की दिवसा घराला कुलूप कशाला. चोरांचं भ्या हाय, ते म्हणाले. ती म्हणाली, चोर भायेर आसतोय का आत, ते कुलपाला कळत न्हाय. दाजी हसले. आक्का दारात येऊन उभी होती. तिच्याकडे वळून, तो खाली गेलेला आवाज लावून ते म्हणाले:

“सुमन, तूच सांग ह्यास्नी. मी कधी हात लावलाय तुला?”

मी आईचा पदर घट्ट पकडला. आक्काने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“न्हाय,” ती म्हणाली.

आज मला त्या ‘न्हाय’चं नवल वाटत नाही. त्या दाराआडच तिला रात्र काढायची होती, बायका तर बसने परत जाणार होत्या. पण तेव्हा मला वाटलं, संपलं. बायकांत चुळबूळ झाली, एकजण उठूनही उभी राहिली. आईने मात्र वाद घातला नाही, पुरावा मागितला नाही, माझं नावसुद्धा काढलं नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शांतपणे म्हणाली:

“बरं हाय. मारत न्हाईत तर झ्याकच झालं. मग रितीपरमाणं लेकीला बाळंतपणाला न्हेतो.”

“त्या धुळीत?” दाजी म्हणाले.

“त्याच धुळीत ती जल्मलीया.”

एवढ्या माणसांसमोर, चांगलं वागणारा माणूस म्हणून उभं राहिलेल्या माणसाला, नाही म्हणायला जागा उरली नव्हती. ते काही बोलायच्या आत गंगव्वा घरात शिरली आणि आक्काची दोन लुगडी आणि चपला घेऊन आली. आक्का उंबऱ्यावरच थांबली होती. हौसामावशीने वर चढून तिच्या काखेत हात घातला. मग बायका मधे आक्काला घेऊन रस्त्याला लागल्या, कोणी मागे बघितलं नाही. बसमध्ये आक्का खिडकीकडे तोंड करून बसली. निपाणी येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली. ती म्हणाली, त्यांच्या रातच्या जेवणाचं काय?

मूल दिवस भरायच्या आधीच झालं, आणि रडलं नाही. सुईण म्हणाली, आतच गेलतं. मुलगी होती. आप्पांनी तिला नेऊन पुरलं आणि आल्यावर बराच वेळ हात धूत बसले. महिन्याभरात दाजी समाजातल्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन आले. धुतलेले कपडे, डोळ्यांत पाणी. पोटचं लेकरू धुळीनं गेलं, पण माझा राग न्हाय, बायकूला पाठवा. वडीलधाऱ्यांना ते पटलं. आप्पांनाही पटत होतं, मान हलायला लागली होती. तेवढ्यात वखार सुटलेल्या बायका एकेक करून आल्या आणि आमच्या कट्ट्यावर बसल्या. आईने आतून येऊन सांगितलं की लेकीच्या पाठीवरचे वण अजून गेले न्हाईत, ते जाऊ देत, मग बोलू. वडीलधारे एकमेकांकडे बघू लागले. मग दाजी उठले. ते परत आले नाहीत. आप्पा त्यानंतर आक्काशी फार क्वचित बोलले.

आक्का वखारीत जाऊ लागली. तिचं पुन्हा बरं होईल, गाणं परत येईल असं मी समजत होते. ते झालं नाही. ती काम करायची, मजुरी आईच्या हातात द्यायची, आणि कालवण केलं की प्रत्येकाला विचारायची, मीठ बरं हाय न्हवं? बायका तिला आपल्यात ओढायच्या, सभेला न्यायच्या, ती कोपऱ्यात बसायची. काही वर्षांनी कळलं की दाजींनी नंदगडकडची दुसरी केली आणि चांगला संसार चाललाय, मुलगा झालाय. गल्लीतले लोक म्हणाले, बघा, दुसरीसंगं बरा नांदतोय की. म्हंजे खोट हिच्यातच हुती. हे आक्काच्या कानावर आलं त्या रात्री तिने मीठ बरं आहे का ते दोनदा विचारलं. पुढे मी बेळगावात नर्सिंगला गेले. सुट्टीत घरी आले की तिच्या शेजारी झोपायची, आणि तिला झोप नाही हे मला कळायचं.

अशाच एका सुट्टीत, दुपारी, एक बाई दारात उभी राहिली. कडेवर पोर, पायांत चपला नाहीत. सुमन आक्काचं घर हेच का, तिने विचारलं. गंगव्वाने पत्ता दिला होता. ती म्हणाली, माझं नाव रत्ना, मी मच्छ्याची. एवढ्यावरच आम्हाला कळलं. आई चुलीपासून उठली नाही. आक्का धान्य निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. दार लागलं नाही, पण तिच्या मागे जायचं धाडस मला झालं नाही. रत्ना उभीच होती. पोर रडायला लागलं, मी त्याला दूध दिलं. आई मला हळूच म्हणाली, सवतीला घरात घ्या म्हणून मी माझ्या लेकीला कुठल्या तोंडानं सांगू?

बराच वेळ गेला. मग आक्का बाहेर आली. तिने रत्नाला काही विचारलं नाही, तिच्यापाशी गेली, खांदा धरून तिला उजेडाकडे पाठमोरी केली आणि पोलक्याची कड खाली ओढली. मी जवळच होते. तांबडे, काळेनिळे, हिरवट, पिवळे. आक्का त्यावरून बोटं फिरवत राहिली, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी.

“आमटीत मीठ कमी पडलं हुतं?” तिने विचारलं.

“न्हाय,” रत्ना म्हणाली. “उलीसं जास्त.”

आक्का मटकन खाली बसली. मूल गेलं तेव्हा ती रडली नव्हती, दाजी दारातून परतले तेव्हाही नाही. आता ती रडायला लागली ती थांबेना. आई धावली, मी पाणी आणलं, रत्ना घाबरून मी जाते, मी जाते म्हणू लागली. आक्काने तिच्या लुगड्याचा काठ घट्ट धरून ठेवला होता. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे बघितलं. ओळखू येऊ नये इतका तिचा चेहरा सुजला होता.

“माझं काय चुकलं न्हवतं गं,” ती म्हणाली.

हे आम्ही तिला इतकी वर्षं सांगत होतो, आईने सांगितलं होतं, हौसामावशीने भर सभेत सांगितलं होतं. तिला ते पटायला दुसरी पाठ बघावी लागली. संध्याकाळी तिने तोंड धुतलं, पोराला कडेवर घेतलं आणि रत्नाला घेऊन हौसामावशीच्या घराकडे निघाली. तिकडच्या वाटेवर आप्पा भेटले, कामावरून येणारे. त्यांनी दोघींकडे बघितलं, आणि रस्त्याच्या कडेला होऊन त्यांना वाट दिली.